पाणंदीच्या मालमोटारीस हवेची सोय कशी असावी

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चाल पाहतों; परंतु मालमोटार घेतांना ती श्वास कोठून व कशांतून घेते, हें पाहणारा शेतकरी विरळा. आम्हीही तें पाहिलें नव्हतें, व त्याची किंमत आम्हीं मोजली आहे. आम्ही यंत्रविद्या शिकलेलों नाहीं. आमचें उभें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तरी ठेच लागल्यावर जें शिकलों, तें वाचक बंधूंपुढें ठेवावें असें वाटतें.

प्रथम एंजिनाची भूक लक्षांत घ्यावी. एक लिटर डिझेल पुरतें जळण्यास सुमारें १०,००० लिटर हवा लागते. अडीच लिटर मापाचें एंजिन दर दोन फेऱ्यांत एकदां हवेनें भरतें. मिनिटास २,००० फेरे धरले तर तासास सुमारें १,५०,००० लिटर हवा झाली. दहा फूट लांब, तितक्याच रुंद व उंच अशा पांच खोल्यांतील हवेहून ही अधिक आहे. टर्बो असेल तर याहूनही जास्त. ही सर्व हवा पाणंदीच्या फुफाट्यांतूनच येणार. मातींतील गारगोटीचा कण साध्या पोलादाहून कठीण असतो. तो गाळणींतून निसटून एंजिनांत शिरला, म्हणजे लायनर व रिंगा यांवर कानशीप्रमाणें चालतो.

सन २०१९ मध्यें आम्हीं व आमच्या चुलतभावांनीं भागीदारींत चारी चाकें ओढणारी एक लहान मालमोटार घेतली. शेतांतील कांदा पाणंदीनें डांबरी रस्त्यापर्यंत काढावयाचा, एवढेंच तिचें काम. दुसऱ्या वर्षीं एका दुकानदारानें सुचविलें कीं, मूळची बंद पेटी काढून तेलकट कापसाची उघडी गाळणी बसवावी, गाडीचा जोर वाढेल. चुलतभाऊ नको म्हणत होते. आम्हीं होकार दिला. गाडीचा आवाज वाढला, त्यासच आम्ही जोर समजलों. दोन हंगामांत तेल घटूं लागलें, निळा धूर येऊं लागला व थंडीच्या सकाळीं गाडी सुरू होईना. एंजिन उघडलें तों लायनर झिजलेले. दुरुस्तींत एका वर्षाच्या कांद्याचा पैसा गेला, आणि भागीदारींत जो दुरावा आला तो अद्याप पुरता भरून निघाला नाहीं. दोष दुकानदाराचा थोडा, आमचा अधिक. बारीक धूळ अडविण्यांत तशी गाळणी चांगल्या कागदी गाळणीची बरोबरी करीत नाहीं. शिवाय ती एंजिनालगतची तापलेली हवा ओढते. हवा दहा अंशांनीं तापली कीं सुमारें तीन टक्के विरळ होते. म्हणजे जोर वाढणें दूरच राहिलें.

आतां निवड कशी करावी तें क्रमानें सांगतों.

(१) हवेचें तोंड.— धूळ चाकांपाशीं दाट व वर विरळ असते. म्हणून हवेचें तोंड टपाच्या उंचीस नेणारी नळी, जिला स्नॉर्केल म्हणतात, ती धुळीच्या मुलखांत उपयोगी पडते. दुसऱ्या गाडीच्या मागें चालतांना मात्र अंतर राखावें. उंच तोंडही लोटांतली धूळ ओढणारच. अशी नळी बसविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें मूळ रचनेंत मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं.

(२) पूर्वगाळणी.— हवेस भोंवऱ्याप्रमाणें फिरवून जाड धूळ बाजूस टाकणारें हें भांडें होय. मळणीचा भुसा व फुफाटा यांसाठीं तें उत्तम. परंतु माप एंजिनास जुळावें. लहान पडलें तर श्वास कोंडतो, फार मोठें झालें तर हवा संथ फिरून धूळ सुटत नाहीं.

(३) मुख्य गाळणी.— जुन्या गाड्यांत तेलाच्या वाटीची गाळणी असते. ती धुऊन पुन्हा वापरतां येते. पण उतारावर तेल कलतें, एंजिन मंद चालतांना धूळ नीट अडत नाहीं, आणि तेल खुणेच्या वर भरलें तर तें एंजिनांत ओढलें जाऊन एंजिन बेफाम सुटण्याचें भय असतें. नव्या टर्बोच्या गाडीस बंद पेटींतील कोरडी कागदी गाळणीच घ्यावी, व तींत बाहेरची आणि आंतली अशा दोन गाळण्या असतील तर फारच उत्तम. बाहेरची फाटली तर आंतली राखण करते.

(४) सांधे.— गाळणी कितीही चांगली असो, तिच्यापुढील रबरी नळीस चीर असेल किंवा पट्टी ढिली असेल, तर सारें व्यर्थ. कुंपण भक्कम आणि फाटक उघडें, अशांतला तो प्रकार. एंजिन बंद करून गाळणीच्या पुढच्या नळींत आंतून स्वच्छ बोट फिरवावें; पूड लागली तर गळती आहे असें निश्चित समजावें.

(५) पाणी.— उंच नळी लावली म्हणून गाडी नाव होत नाहीं. पाणी दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरांत शिरलें तर कनेक्टिंग रॉड वांकतो. नळीचा एकही सांधा उघडा असेल तर पाणी तेथूनच शिरेल. वाहत्या ओढ्यांत गाडी घालूंच नये. पाण्यांत एंजिन बंद पडलें तर पुन्हा सुरू न करतां गाडी ओढून काढावी व मिस्त्रीस दाखवावी.

(६) निगा.— गाळणी रोज उघडून झटकणें ही निगा नव्हे. दर उघडण्यांत थोडी धूळ आंत पडतेच. पेटीजवळील दर्शकानें लाल खूण दाखविली म्हणजे बाहेरची गाळणी काढावी, आंतून बाहेर मंद दाबानें हवा मारावी, व आंत दिवा धरून छिद्रें पाहावीं. उजेडाचा ठिपका दिसला कीं ती टाकावी. आंतली गाळणी साफ करीत बसूं नये, बदलावी.

शेवटीं एक दप्तरी सूचना. गाडींत एक लहान वही ठेवून गाळणी केव्हां साफ केली, केव्हां बदलली व तेल किती घातलें, हें तारीखवार लिहावें. नोंद नसलेला हक्क जसा वादांत पडतो, तशी नोंद नसलेली निगा विस्मृतींत पडते. आमच्या घरीं ही वही आतां चुलतभाऊच लिहितात, व तिच्यावर सही दोघांची असते.

ज्यांची गाडी पाणंदींत चालते त्यांनीं जोराची जाहिरात ऐकण्यापूर्वीं आपली धूळ व आपला ओढा पाहावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.