वारणेकाठचा संगणक

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावलेली वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत जाते व पुढे कृष्णेला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर दूरवर उसाचे हिरवेगार मळे पसरलेले आहेत. या खोऱ्यातील शेतकऱ्यांना एकत्र आणून तात्यासाहेब कोरे यांनी १९५० नंतरच्या दशकात सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली. कारखान्याभोवती वारणानगर वसले. दूधसंघ, बाजार, शाळा, महाविद्यालये निघाली आणि सारा परिसर गजबजून गेला.

साखर कारखान्याचे काम दुरून पाहणाऱ्यास सोपे वाटते. शेतकऱ्याने ऊस द्यावा आणि कारखान्याने साखर करावी, एवढेच ते! परंतु प्रत्यक्षात ते मोठ्या जिकिरीचे असते. तोडलेल्या उसाचे वजन वेळ जाईल तसतसे घटते आणि त्यातील साखरेचा अंशही कमी होतो. म्हणून तो शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो. सर्वांनीच एका दिवशी ऊस तोडला, तर कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागेल आणि ऊस उन्हात वाळून जाईल. यासाठी कोणी, किती क्षेत्रात, कोणत्या जातीचा ऊस केव्हा लावला, याची आधी नोंद होते. त्या नोंदीवरून तोडणीची पाळी ठरते. मग काट्यावर वजन होते आणि त्या वजनावरून उसाचे बिल निघते. या साखळीतील एक कडी जरी निसटली, तरी कोणाच्या तरी वर्षभराच्या कष्टांचे नुकसान होते.

पूर्वी या साऱ्या नोंदी कारकून जाडजूड वह्यांत हाताने करीत. आपली पाळी केव्हा, वजन किती भरले, बिल किती झाले, हे विचारण्यासाठी शेतकऱ्याला हातचे काम टाकून कचेरीत खेटे घालावे लागत. ‘ऊस मी आधी लावला, मग शेजाऱ्याची पाळी आधी कशी आली?’ अशी शंका एखाद्याच्या मनात आली, तर तिचे निरसन होईपर्यंत दिवस निघून जात.

ही अडचण दूर करण्याचा एक मोठा प्रयत्न १९९८ साली सुरू झाला. केंद्र सरकार, महाराष्ट्र शासन आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून खोऱ्यातील सुमारे ७० गावांसाठी एक योजना हाती घेतली. गावोगावी केंद्रे उघडून तेथे संगणक ठेवण्यात आले. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन आणि बिल यांची माहिती आता गावातच मिळू लागली. कचेरीतील खेटे वाचले आणि शंकेचे उत्तर घराजवळ आले.

संगणकाला ऊस कळत नाही आणि शेतकरीही कळत नाही. त्याला दिलेली माहिती तो जपून ठेवतो, सांगितलेल्या रीतीने लावतो आणि विचारताच पुढे करतो. हजारो नोंदी तारखांप्रमाणे लावण्यास माणसाला कित्येक दिवस लागतील. संगणक ते काम क्षणार्धात करतो. परंतु कारकुनाने २० गुंठ्यांच्या जागी चुकून २०० गुंठे लिहिले, तर तीही चूक तो तितक्याच तत्परतेने पुढे नेतो! म्हणजेच संगणकाने बेरजेचे श्रम वाचवले, पण पडताळून पाहण्याची जबाबदारी माणसावरच ठेवली.

या योजनेपासून याहूनही पुष्कळ अपेक्षा होत्या. बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण, रोजगार इत्यादींची माहितीही गावकऱ्यांना मिळावी, असा हेतू होता. तथापि गावकऱ्यांनी केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबासाठीच करून घेतला. यंत्र दाराशी आले म्हणून त्याचे सारे उपयोग आपोआप होत नाहीत. ज्या कामाची निकड असते, तेथेच ते रुजते. पुढे २००६ च्या सुमारास सात गावांत एक नवा प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या मोबाईल फोनवरून छोटा संदेश पाठवून शेतकरी आपल्या उसाची माहिती मागवू लागले. यंत्र बदलले; गरज मात्र तीच राहिली.

शेताप्रमाणे शाळेतही या यंत्राने प्रवेश केला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना चौकोनी क्यूआर कोडची जोड दिली. फोनच्या कॅमेऱ्यासमोर ते चिन्ह धरले, की कविता ऐकू येई किंवा पाठाचे चित्रण दिसे. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही अशी चिन्हे छापली जाऊ लागली. २०२० साली डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि मुलांचे वर्ग फोनवर भरू लागले. ज्यांच्या घरी फोन होता, त्यांचे शिक्षण चालू राहिले. परंतु कित्येक घरांत एकच फोन असे, आणि तो घेऊन वडील सकाळीच कामावर जात. काही घरांत तर तोही नव्हता. शिकण्याचे साधन जवळ असणे आणि नसणे यांतील अंतर त्या वर्षी सर्वांना स्पष्ट दिसले.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. शाळा होत्या, पण गरिबांची मुले त्यांपासून दूर होती. हे पाहून राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवण्यात आला. ज्ञान कितीही मौल्यवान असले, तरी ते सर्वांच्या दारी पोचल्यावाचून समाजाचे भले होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आजच्या संगणकालाही हीच कसोटी लावावी लागेल. तो किती वेगाने चालतो, यापेक्षा तो कोणाकोणापर्यंत पोचतो, हे महत्त्वाचे. वारणेकाठच्या लहान शेतकऱ्यालाही आपल्या उसाचा हिशेब गावातच पाहता आला, तेव्हा ते यंत्र खऱ्या अर्थाने कामी आले. उत्तर देण्याचे काम यंत्र करील. योग्य प्रश्न विचारणे, उत्तर पडताळून पाहणे आणि मागे राहिलेल्यास बरोबर घेणे, ही कामे मात्र माणसानेच करावयाची आहेत.

स्वाध्याय

१. तोडणीची पाळी ठरवणे का आवश्यक असते?
२. ‘पडताळून पाहण्याची जबाबदारी माणसावरच ठेवली,’ हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
३. शाहू महाराजांचा १९१७ मधील निर्णय आणि आजचे संगणकाद्वारे शिक्षण यांचा संबंध तुमच्या शब्दांत सांगा.
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : खेटे घालणे, निरसन होणे, कसोटी लावणे.
५. तुमच्या गावातील कोणते काम पूर्वी हाताने होई व आता संगणकावर होते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन दहा ओळी लिहा.