माझी किडनी, तुझ्या गोळ्या

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, ‘ताई, क्रिएटिनिन तर छान आलंय, आता किती दिवस या गोळ्या गिळू?’ तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघ माझा.

अगं, किडनी सख्ख्या बहिणीची असली तरी तुझ्या शरीराला ती परकीच. 1954 साली बोस्टनला पहिल्यांदा किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं, ते हुबेहूब जुळ्या भावांमध्ये. म्हणून तिथं शरीरानं ती नाकारली नाही. आपण जुळ्या नाही, राणी. तुझ्या रक्तातल्या टी-पेशी पहाऱ्यावर असतात. त्यांना चेतवणारा निरोप तुझ्या गोळीतलं टॅक्रोलिमस अडवतं. म्हणून तर 12-12 तासांचा हट्ट. गोळ्या चुकत गेल्या की पहारेकरी जागे होतात, आणि बऱ्याचदा दुखत-खुपत काहीच नाही. क्रिएटिनिन चढल्यावर कळतं, तोवर किडनीला इजा झालेली असते.

ऑपरेशनच्या वेळी तुला बॅसिलिक्सिमॅबची दोन इंजेक्शनं दिली ना, तीही याच पेशींवर नेम धरणारी. पण त्या इंजेक्शनांचा असर सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता. पुढचा सगळा भार गोळ्यांवर.

सासूबाई मायेनं गुळवेलीचा काढा देतात, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. तीच तर आपल्याला वाढू द्यायची नाही! कारण सांगून नाही म्हण, त्या समजून घेतील. ग्रेपफ्रूट नि पपनस बंद. त्यांनी औषधाची पातळी भलतीच चढते. ‘ग्रेप’ या नावाला घाबरून कडवंचीची द्राक्षं सोडू नकोस, ती वेगळी. नीट धुऊन खा. मोसंबी बागेतली असली तरी डॉक्टरांना विचारूनच. आणि नवरात्रात घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्यानं उपास मोडत नाही. मत्स्योदरी देवीला मी सांगेन.

आता मनातलं. तुला बाळ हवंय, ठाऊक आहे मला. होऊ शकतं गं. पण तुझ्या गोळ्यांतल्या मायकोफेनोलेटनं गर्भाला इजा होते. दिवस राहण्याच्या निदान 6 आठवडे आधी डॉक्टर ती गोळी बदलून देतात, बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन. ऑपरेशनला वर्ष उलटलेलं हवं, किडनी स्थिर हवी. लाजू नकोस, मी येईन बोलायला. फक्त स्वतःच्या मनानं एकही गोळी सोडू नकोस.

सोमवारी टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त द्यायला संभाजीनगरला जायचंय. त्याची सकाळची गोळी घरी घेऊ नकोस, डबीत टाकून आण; रक्त दिल्यावर लगेच घेशील. अंबडहून पहिली गाडी धर. मी जालन्याच्या स्टँडवर उभी आहे.