जुने स्टिअरिंग, नवा खेळ

रेडिओचा आवाज वाढवण्यासाठी आपण एक गोल बटण फिरवतो. त्या बटणामागे एक छोटासा भाग असतो. त्याला पोटेन्शिओमीटर असे लांबलचक नाव आहे. दुरुस्ती करणारे कारागीर त्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात. हाच भाग मोटार शर्यतीच्या खेळाच्या मोठ्या यंत्रांत स्टिअरिंगच्या मागे बसवलेला असे. आवाज वाढवणारा भाग मोटार कशी वळवतो? ते आपण पाहणार आहोत.

घरी व्हिडिओ गेम खेळण्याची सोय फार थोड्यांकडे होती, त्या काळात जपान, अमेरिका, इंग्लंड या देशांत खेळाच्या पार्लरमध्ये अशी यंत्रे रांगेने मांडलेली असत. नाणे टाकायचे आणि खेळायचे. जपानच्या नामको कंपनीचा ‘पोल पोझिशन’ हा शर्यतीचा खेळ १९८२ साली आला. १९८६ साली सेगा कंपनीने ‘आऊट रन’ हा खेळ काढला. तो यू सुझुकी यांनी तयार केला होता. त्यात एक लाल मोटार समुद्रकिनाऱ्यावरून धावू लागते. पुढे रस्त्याला फाटे फुटतात. कोणत्या फाट्याने जायचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे असते. या यंत्राचा मोठा प्रकार मोटारीसारखाच होता. आत बसायला सीट, पायाशी दोन पेडल आणि हाताशी गिअरचा दांडा. पडद्यावर मोटार वळली, की खेळणाऱ्यासह सगळे यंत्रच हलत असे!

पुढे घरोघरी संगणक आले. पार्लर ओस पडू लागली आणि यंत्रे गोदामांत धूळ खात पडली. काही हौशी लोकांनी ती विकत घेऊन घरी नेली. दारातून आत घेतानाच त्यांची दमछाक झाली असेल, कारण यंत्र कपाटाएवढे मोठे आणि जड! पण खरी अडचण पुढेच होती. पुष्कळ यंत्रे बंद पडलेली होती.

१९८९ सालच्या ‘टर्बो आऊट रन’ची गोष्ट पाहा. या खेळाची नक्कल कोणी करू नये, म्हणून कंपनीने त्याचा प्रोग्राम सांकेतिक भाषेत लिहिला होता. तो उलगडण्याची किल्ली एका लहानशा स्मृतीत ठेवलेली असे आणि ती स्मृती एका बॅटरीवर जगत असे. बॅटरी संपली, की किल्ली पुसली जाई. मग पडदा, स्टिअरिंग, तारा सगळे ठणठणीत असूनही यंत्र मुके होई. कुलूप घालणाऱ्यानेच किल्ली नदीत फेकावी, तसा हा प्रकार!

अशा वेळी हौशी लोक एक युक्ती करतात. यंत्राचे बाहेरचे अंग तसेच ठेवायचे आणि आत नेहमीचा संगणक बसवायचा. मात्र जुने स्टिअरिंग संगणकाशी परस्पर बोलू शकत नाही. पॉटला तीन टोके असतात. एका टोकाला पाच व्होल्टची तार जोडतात. दुसऱ्या टोकाला शून्य व्होल्टची तार असते. स्टिअरिंग फिरवले, की मधल्या टोकावरचा दाब शून्य ते पाच व्होल्टच्या दरम्यान बदलतो. अगदी मध्यभागी तो साधारण अडीच व्होल्ट असतो. संगणकाला मात्र आकडे हवे असतात. म्हणून दोघांच्या मध्ये हाताच्या तळव्यावर मावेल एवढे एक सर्किट बसवतात. ते व्होल्ट मोजते आणि त्याचा आकडा करून संगणकाला कळवते. ते जणू दुभाषीच! मधला अडीच व्होल्टचा दाब १०२४ पायऱ्यांच्या मोजणीत ५१२ च्या आसपास येतो. पेडललाही असेच पॉट असतात.

कधी कधी पहिल्याच चाचणीत मोटार उलट्या दिशेला वळते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि मराठी डावीकडून उजवीकडे, तशीच ही गंमत. पॉटच्या दोन्ही टोकांच्या तारांची अदलाबदल केली, की मोटार सरळ वागू लागते. पॉट झिजला असेल, तर मोटार सरळ रस्त्यावरही थरथरते. जुन्या रेडिओचे बटण फिरवताना खरखर ऐकू येते ना? कारण तेच.

आणखी एक फरक आहे. ‘आऊट रन’चे स्टिअरिंग एक पूर्ण फेरीही फिरत नाही. आजच्या खेळांसाठी मिळणारी काही स्टिअरिंगे अडीच फेऱ्या फिरतात. म्हणून नवा खेळ जुन्या स्टिअरिंगवर खेळताना मोटार फार झटकन वळते. संगणकाला स्टिअरिंगची दोन्ही टोके आणि मध्य नीट समजावून द्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, पण खेळाची सारी मजा त्यावरच अवलंबून असते.

पडद्याचे काम मात्र मुलांचे नव्हे. जुन्या पडद्याच्या काचेच्या नळीत वीस हजार व्होल्टपेक्षाही अधिक दाब असू शकतो आणि यंत्र बंद केल्यावरही वीज आत साठून राहते. जाणकार माणसाशिवाय तेथे कोणीही हात घालू नये. शिवाय जपानी यंत्र शंभर व्होल्टवर चालते. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या विजेवर ते थेट लावले, तर जळून जाईल.

आता प्रश्न असा, की जुने यंत्र असे बदलावे का? काही जण म्हणतात, ‘बंद यंत्र धूळ खात पडण्यापेक्षा मुले त्यावर खेळली तर काय वाईट?’ दुसरे म्हणतात, ‘जुन्या वस्तू दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांची मोडतोड करू नका.’ आम्हाला दोघांचेही थोडे थोडे पटते. पण चालू यंत्र फोडणे मुळीच पटत नाही.

‘टर्बो आऊट रन’चे पुढे काय झाले? अभ्यासकांनी खूप खटपट करून त्या पुसलेल्या किल्ल्या पुन्हा शोधून काढल्या. मेलेली सर्किटे पुन्हा चालू करता येऊ लागली. ज्यांनी जुने सर्किट भंगारात दिले होते, त्यांना काय वाटले असेल! शहाणे कारागीर मूळ लाकूड कापत नाहीत. ते प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधतात. काढलेले सर्किट कागदात गुंडाळून, खोक्यात घालून, त्याच यंत्राच्या तळाशी ठेवून देतात.

शब्दार्थ
ओस पडणे – रिकामे होणे. दमछाक होणे – खूप थकणे. ठणठणीत – चांगल्या स्थितीत. दुभाषी – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा. खटपट – प्रयत्न.

स्वाध्याय
१. ‘टर्बो आऊट रन’चे यंत्र मुके का होई?
२. सर्किटला दुभाषी का म्हटले आहे?
३. झिजलेल्या पॉटमुळे काय होते?
४. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधण्याचा उपयोग काय? तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या, बंद पडलेल्या वस्तूविषयी पाच वाक्ये लिहा.