थायरॉईडची मंदगती आणि हृदय

घरातील एखादी वडीलधारी बाई उन्हाळ्यातही अंगावर शाल घेऊन बसते, चार पायऱ्या चढताच थकते, तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसतो. ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु पुष्कळदा दोष वयाचा नसून गळ्यातील एका लहानशा ग्रंथीचा असतो, आणि त्याचा भार हृदयाला सोसावा लागतो.

कंठमण्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळून सर्व अवयवांच्या कामाची गती ठरवितो. चुलीतील जाळ ओढून घेतला की आधण मंदावते, तद्वत हा रस कमी पडला की सारे शरीर मंदावते.

हृदयावर याचे परिणाम असे होतात. पहिला, ठोके सावकाश पडतात व प्रत्येक ठोक्याचा जोर कमी होतो. दुसरा, रक्तवाहिन्या पुरेशा सैल होत नाहीत. त्यामुळे रक्तदाबाचा खालचा आकडा वाढतो. तिसरा, यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल नीट काढून टाकीत नाही. ते वाहिन्यांत साचून त्या अरुंद होण्याचा धोका वाढतो. रोग फार बळावल्यास हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणीही जमते.

समाधानाची गोष्ट ही की, यावर उपाय आहे. 1891 साली इंग्लंडमध्ये डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका 46 वर्षांच्या बाईवर उपचार केले. ती पुढे 28 वर्षे जगली. 1918 साली जर्मनीत डॉ. झोंडेक यांनी दाखविले की, या रोगाने विस्तारलेले हृदय अशा उपचाराने पुन्हा आकसते. आज थायरॉक्झिनची लहानशी गोळी तेच काम करते.

निदानासाठी रक्ताची टी.एस.एच. तपासणी करतात. येथे अनेकांचा घोटाळा होतो. टी.एस.एच. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा हुकूम होय. थायरॉईड सुस्तावली की हा हुकूम अधिक मोठ्याने सुटतो. म्हणून बहुधा वाढलेला आकडा मंदावलेली थायरॉईड दर्शवितो.

गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी व निदान अर्धा तास काही खाऊ नये. लोह वा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. उपवास वा रोजे असल्यास वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, पण गोळी चुकवू नये. आयोडीनयुक्त मीठ गलगंडापासून रक्षण करते हे खरे. परंतु आयोडीन पुरेसे मिळत असूनही हा विकार झाला असेल, तर जादा मीठ खाऊन तो बरा होत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लवकर बरे वाटावे म्हणून मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. मंद चालीची सवय झालेल्या हृदयाला एकाएकी पळावयास लावले, तर छातीत दुखते, ठोके अनियमित होतात. वृद्धांना व हृदयरोग्यांना डॉक्टर थोड्या मात्रेपासून हळूहळू चढवीत नेतात, ते याचसाठी.

तेव्हा थकव्याला ‘वय’ हे नाव देण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे.