भूकंप : निशाणी, नियम आणि आपली जबाबदारी

शिरूर अनंतपाळ येथील मकतबमध्ये सूरह ज़िलज़ालचा अर्थ सांगत असताना एका मुलाने विचारले, "मौलाना, किल्लारीची माणसं गुनहगार होती म्हणून मेली का?" घरी कोणाकडून तरी त्याने हे ऐकले असावे. हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसमोर मांडणे आवश्यक वाटते.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास आपल्या लातूर आणि शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमी हादरली. हजारो माणसे झोपेतच दगावली. भारताचा भूखंड दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो व हिमालयाच्या बाजूस अडतो. तो ताण दख्खनच्या कठीण खडकातही साचत राहतो आणि जुन्या भेगेपाशी एके दिवशी मोकळा होतो. येथे तो जमिनीखाली थोड्याच खोलीवर मोकळा झाला. त्यामुळे हादरा तीव्र बसला. त्यात घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीच्या थरांचे जड माळवद. बहुतेक जीव त्या ओझ्याखाली गेले.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सुपुत्र इब्राहीम (रजि.) यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, हे त्या निधनामुळेच घडले. पुत्रशोकातही प्रेषितांनी (स.) ही समजूत दूर केली. सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्म-मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे सांगून त्यांनी नमाज व दुआ करण्याची शिकवण दिली.

यातून बोध स्पष्ट होतो. निशाणी पाहून आपण स्वतः अल्लाहकडे वळावे. दुसऱ्याच्या पापांचा हिशेब मांडू नये. शिवाय इमारत कोसळून तिच्याखाली मृत्यू पावणाऱ्या ईमानधारकाची गणना हदीसमध्ये शहिदांत केली आहे. मग ढिगाऱ्याखाली गेलेल्यांना गुनहगार ठरविणारे आपण कोण?

दुसरा बोध दक्षतेचा. माणसाने आजवर खोदलेले सर्वांत खोल छिद्र सुमारे 12 किलोमीटरचे आहे; पृथ्वीचे केंद्र मात्र सुमारे 6,371 किलोमीटर खोल आहे. भूकंपाचा नेमका दिवस व वेळ आधी सांगण्याची रीत अद्याप कोणालाही साधलेली नाही. म्हणून मोबाइलवर येणारे 'आज रात्री भूकंप' असे संदेश पुढे पाठवू नयेत. बातमीची शहानिशा करण्याचा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे.

परंतु घर मजबूत बांधणे आपल्या हाती आहे. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर पूर्ण जाडीचे आरपार दगड बसवावेत. दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींवर फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा घ्यावा. छत हलके ठेवावे. उंट आधी बांधा व मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. भिंत पक्की बांधणे हेही उंट बांधणेच आहे.

मी त्या मुलाला म्हणालो, "नाही बेटा. त्यांच्यासाठी दुआ कर, आणि मोठा झालास की घर नीट बांध."