बातमीची दुसरी बाजू

२६ फेब्रुवारी २०१५ ची गोष्ट. अमेरिकेच्या राजधानीत सिनेट नावाचे सभागृह आहे, आपल्या राज्यसभेसारखे. थंडीचे दिवस होते, बाहेर बर्फ पडला होता. जेम्स इन्होफ नावाचे सभासद बोलायला उठले. पृथ्वी तापत चालली आहे ही निव्वळ हूल आहे, असे त्यांचे मत. त्यांनी पिशवीतून बर्फाचा एक गोळा काढला. म्हणाले, हा बाहेरचा आहे, बाहेर किती गारठा आहे पाहा. आणि गोळा सभापतींच्या आसनाकडे टाकला. पर्यावरणाचे काम पाहणाऱ्या समितीचे हेच गृहस्थ अध्यक्ष होते, बरे का!

ते चित्र पेपरांत आले, टीव्हीवर दिसले. महिनाभर आधी अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनी जाहीर केले होते की १८८० पासूनच्या नोंदींत २०१४ साल सर्वांत उष्ण ठरले. तीही बातमी छापून आली होती. पण आकडा विसरतो आणि गोळा ध्यानात राहतो. माणसाचे असेच आहे.

गोळ्यात खोटे काय होते? गोळा खराच होता, थंडीही खरी होती. पण एका दिवसाची हवा वेगळी आणि मुलखाचे हवामान वेगळे. म्हशीने एक दिवस दूध कमी दिले म्हणून ती भाकड झाली असे आपण म्हणत नाही. वर्षाचा हिशेब पाहतो. हवामानाचा हिशेब तर तीस-तीस वर्षांचा धरतात.

तो हिशेब शास्त्रज्ञांनी कसा मांडला ते थोडक्यात सांगतो. कोळसा, तेल जाळले की कर्बवायू हवेत जातो. हा वायू उष्णता धरून ठेवतो. तो वाढला तर पृथ्वी तापेल, हे स्वीडन देशातल्या आऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच आकडेमोड करून सांगितले. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर हा वायू मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या १० लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज ४२० च्या वर गेला आहे. १९८८ च्या जून महिन्यात जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाने त्याच सिनेटच्या समितीपुढे सांगितले की पृथ्वी तापते आहे, आणि ही नुसती निसर्गाची लहर नाही याची आपल्याला ९९ टक्के खात्री आहे. न्यूयॉर्क टाइम्स या मोठ्या पेपराने ती बातमी पहिल्या पानावर छापली.

इतके झाल्यावर लोकांची खात्री पटायला हवी होती. पण पुढे अमेरिकेत शंका घेणारे कमी झाले नाहीत. असे का झाले?

कोळसा जाळणे कमी करा म्हटले की कोळसा विकणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. १९९१ साली तिथल्या काही कोळसा आणि वीज कंपन्यांनी मिळून एक मंडळ काढले. नाव मोठे साळसूद होते, मराठीत सांगायचे तर ‘पर्यावरण माहिती मंडळ’. फार्गो, फ्लॅगस्टाफ आणि बोलिंग ग्रीन या तीन गावी त्यांनी पेपरांतून आणि रेडिओवरून जाहिराती करून पाहिल्या. एका जाहिरातीत विचारले होते, पृथ्वी तापते आहे तर मिनियापोलिस शहर गार का होत चालले? पुन्हा तोच बर्फाचा गोळा!

या मंडळाचे आतले कागद त्याच वर्षी पेपरवाल्यांच्या हाती लागले. पृथ्वी तापणे हे लोकांना सिद्ध झालेले न वाटता नुसता तर्क वाटावा, असा हेतू त्यात स्पष्ट लिहिला होता. आणि जाहिराती कोणासाठी, तेही लिहिले होते. वयाने मोठे, कमी शिकलेले, मोठ्या कुटुंबातले, स्वतः होऊन माहिती शोधत नाहीत असे पुरुष. आणि तरुण, कमी मिळकतीच्या बायका.

हे वाक्य सावकाश पुन्हा वाचा. सात समुद्रापलीकडचे कागद आहेत, पण वर्णन कोणाचे आहे? आमच्या प्रौढ वर्गात कंदिलापासून विजेच्या दिव्यापर्यंत जे जे येऊन बसले त्यांचे. जो नुकता वाचायला लागला त्याला छापलेल्या अक्षराचा फार मान असतो. “पेपरात आलंय, मग खरंच असणार,” असे आम्ही कितीदा ऐकले आहे. त्या मानावरच त्यांची नजर होती.

कागद उघडे पडल्यावर ते मंडळ बंद झाले, पण धंदा चालूच राहिला. २००० साली एक्सॉनमोबिल या तेलाच्या कंपनीने पैसे भरून न्यूयॉर्क टाइम्समध्येच मजकूर छापून आणला, की या बाबतीतले शास्त्र अजून पक्के नाही. दिसायला तो लेखासारखा. वास्तविक तेल जाळण्याने पृथ्वी तापेल हे एक्सॉनच्या वरिष्ठांना त्यांच्याच शास्त्रज्ञाने १९७७ साली सांगितले होते. ही गोष्ट २०१५ साली उजेडात आणली तीही वार्ताहरांनीच, तेव्हा सगळ्याच पेपरांना नावे ठेवून चालणार नाही. आपल्याकडेही लेखासारखा दिसणारा विकत घेतलेला मजकूर असतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेले असेल, ते शोधायची सवय ठेवावी.

आता जाहिरात सोडा. सरळ बातमीतही शंका कशी शिरते ते पाहा, आणि यात कोणी खोटे बोलत नाही.

वार्ताहराला शिकवलेले असते की दोन्ही बाजू छापाव्या. शिकवण चांगली आहे. बांधाच्या भांडणात पंच एकाच भावाचे ऐकतील तर तो न्याय नव्हे. पण विहिरीला पाणी किती, हा प्रश्न दोघांना बोलावून सुटतो का? तिथे दोर सोडून मोजावे लागते. चौघांनी मोजून बारा हात सांगितले आणि पाचवा पारावर बसूनच ‘विहीर कोरडी आहे’ म्हणाला, तर त्याचे म्हणणे त्या चौघांच्या बरोबरीने लिहायचे का?

अमेरिकेत नेमके हेच झाले. मॅक्सवेल बॉयकॉफ आणि ज्यूल्स बॉयकॉफ या दोन भावांनी तिथल्या चार मोठ्या पेपरांतले १९८८ ते २००२ पर्यंतचे ६३६ लेख तपासले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लेखांत दोन्ही म्हणण्यांना जवळपास सारखी जागा होती. त्यांचा हा अभ्यास २००४ साली छापला गेला. त्याच साली नेओमी ओरेस्केस या बाईंनी शास्त्रज्ञांचे ९२८ निबंध तपासले. काहींत या प्रश्नावर मत दिलेलेच नव्हते. पण माणसामुळे पृथ्वी तापते हे नाकारणारा एकही सापडला नाही. म्हणजे शास्त्रज्ञांत भांडण नव्हते, ते पेपराच्या पानावर होते. वाचणाऱ्याला वाटले, थोरामोठ्यांचेच जमत नाही, मग आपण कशाला घाई करा? कंपन्यांना एवढेच पाहिजे होते.

इंग्लंडात बीबीसी नावाची मोठी प्रसारण संस्था आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिच्या रेडिओवर जुने अर्थमंत्री नायजेल लॉसन बोलले. गेल्या दहा वर्षांत जगाचे तापमान किंचित उतरले आहे, असे त्यांनी ठोकून दिले. मुलाखत घेणाऱ्याने त्यांना अडवले नाही. तक्रारी झाल्या. बीबीसीला चूक कबूल करावी लागली, आणि २०१८ मध्ये देखरेख करणाऱ्या सरकारमान्य मंडळानेही ठपका ठेवला. मग बीबीसीने आपल्या लोकांना लेखी कळवले की बातमीचा तोल राखण्यासाठी नाकारणारा माणूस आणून बसवायची गरज नाही. फुटबॉलच्या सामन्याचा निकाल पंचाने दिल्यावर तो संघ जिंकलाच नाही म्हणणाऱ्याला आपण बोलावतो का, असा दाखला त्यांनी दिला.

मतभेदाच्या जागा मात्र खऱ्या आहेत, आणि त्या पेपरात यायलाच हव्या. अमुक तालुक्यात पाऊस किती बदलेल, हे अजून नेमके सांगता येत नाही. खर्च कोणी सोसायचा, हा तर मोठा वाद आहे. आजवर श्रीमंत देशांनी धूर फार केला, त्यांनी जास्त भार उचलावा, असे भारत सरकार जगाच्या परिषदांत सांगत आले आहे. ते देश वेगळा हिशेब मांडतात. अशा ठिकाणी दोनच काय, चार बाजू छापल्या तरी आम्ही त्या सगळ्या वाचू.