दमा, सुई आणि पंप : शिक्षक-पालकांनी काय लक्षात ठेवावे?



मागच्या हिवाळ्यात परिपाठ चालू असताना माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाला धाप लागली. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्याचा पंप शाळेतच होता, पण मुलं खेळतील म्हणून मीच तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता. किल्ली सापडेपर्यंतचा वेळ मी कधी विसरणार नाही. संध्याकाळी त्याच्या आजी म्हणाल्या, "बाई, पंपाची सवय लागते. त्यापेक्षा एक सुई टोचली की झालं!"

हा समज अनेक घरांत आहे, म्हणून आजचा लेख.

दम्यात काय होते?
श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, आतून सूज येते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद झाली की धाप लागते.

सुई काय करते?
टर्ब्युटॅलिन त्वचेखाली, तर अमिनोफायलिन शिरेतून देतात. दोन्ही औषधे आवळलेले स्नायू सैल करतात. पण औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. अमिनोफायलिनची गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. मात्रा जास्त झाली तर उलट्या होतात, हृदयाचे ठोके बिघडतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून ते हळूहळू आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. गंभीर झटक्यात पंप किंवा नेब्युलायझर पुरेसा पडला नाही, तर दवाखान्यात सुईचा विचार होतो. रोजच्या दम्यावर तो इलाज नाही.

पंप का बरा?
एक सोपे गणित करा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असते. 2 मिलिग्रॅमच्या गोळीत 2000 मायक्रोग्रॅम, म्हणजे 20 दाबांइतके! पंपाचे औषध थेट छातीत जाते, म्हणून थोडेसे पुरते आणि काही मिनिटांतच आराम पडतो. आतली सूज कमी करायला मात्र डॉक्टर वेगळा, रोज घ्यायचा पंप देतात. त्याचे व्यसन लागत नाही. बरं वाटलं म्हणून तो मनाने बंद करू नका. आराम देणारा पंप वारंवार लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना दाखवा.

शाळेत धाप लागली तर
1. मुलाला ताठ बसवा, झोपवू नका. घाबरू नका.
2. पंप हलवून स्पेसरला लावा. एक दाब द्या, चार श्वास घेऊ द्या. असे चार दाब द्या.
3. चार मिनिटांत आराम नाही पडला तर पुन्हा चार दाब द्या.
4. तरीही फरक नाही, बोलता येत नाही किंवा ओठ निळे पडले, तर लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा.

पालकहो, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि जादा पंप वर्गशिक्षकांकडे जरूर द्या. आमच्या वर्गात आता तो पंप माझ्या टेबलाजवळ पिशवीत टांगलेला असतो, आणि तो कुठे आहे हे सगळ्या मुलांना माहीत आहे.